बोटाचं माप

मी दातांच्या कवळ्या बनवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला कॉम्प्युटरमधलं काय कळतं असं नंतर कुणी विचारायला नको. काही कळत नाही. मला प्लास्टर कळतं, मेण कळतं, आणि माणूस कुठल्या बाजूने चावतो ते त्याच्या मापावरून कळतं. कॉम्प्युटर आमच्या घरात एकालाच कळायचा, माझ्या धाकट्या भावाला. तो गेल्या वर्षी गेला. कामाच्या टेबलावर डोकं टेकलं ते टेकलंच. शेजारी बसणाऱ्याला वाटलं, डुलकी लागली असेल.

बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

बाबा पलंगावर आहेत त्याला पुष्कळ वर्षं झाली. मेंदूत रक्तस्राव झाला आणि बोलणं गेलं, हातपाय गेले. नजर मागाहून हळूहळू गेली, आता खिडकी कुठे आणि दार कुठे एवढंच समजतं. कान मात्र शाबूत, डोकं तल्लख, आणि उजव्या हाताची तर्जनी हलते. एवढ्या भांडवलावर धाकट्याने त्यांना बोलतं केलं. तेव्हा तो शिकत होता. कुणाच्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर उचलून आणला आणि पास्कल नावाच्या भाषेत स्वतःच प्रोग्राम लिहिला. अक्षरंसुद्धा त्याने ठिपके जोडून स्वतः काढली होती, कारण त्या मशीनला आपली अक्षरं ठाऊकच नव्हती.

प्रोग्राम म्हणजे काय, तर स्पीकर वाजायचा, टुक, टुक, टुक. पहिला टुक स्वरांचा, दुसरा कखगच्या ओळीचा, तिसरा चछजच्या. हवी ती ओळ आली की बाबांनी बटण दाबायचं. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून वाजायची, हवं ते आलं की पुन्हा बटण. असं करत करत वाक्य पडद्यावर उमटायचं. बाबांना पडदा दिसत नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. रोजच्या जिन्याच्या पायऱ्या आपण कुठे मोजतो, तसं त्यांचं झालं होतं.

त्या एका बोटावर ते आईच्या चहाला नावं ठेवायचे. मला 'तोंड आवर' म्हणायचे. शेजाऱ्यांच्या भांडणात न्याय द्यायचे, तोही न मागता.

मग ते मशीन बसलं. बटण दाबलं की आतून जळकट वास यायचा, बाकी काही नाही. मी धाकट्याला फोन केला. तो दुसऱ्या शहरात राहायचा, महिन्यातून एकदा यायचा. "रविवारी येतो गं ताई," तो म्हणाला. "तोवर बाबांना म्हणावं, आवाजाला विश्रांती द्या." तो रविवार त्याला दिसला नाही.

मी जाऊन सगळं उरकून आले. आई दारातच उभी होती. डोळ्यांत टिपूस नाही. म्हणाली, "यांना सांगायचं नाही. सोसायचं नाही त्यांना." म्हणून आम्ही सांगितलं की कंपनीने त्याला तडकाफडकी परदेशी पाठवलं. तेव्हापासून आई रोज दुपारी बाबांच्या उशाशी बसते आणि म्हणते, "अहो, त्याचा फोन होता." मग तिकडे थंडी किती आहे, तो काय जेवला, घरमालकीण किती खडूस आहे, सगळं साग्रसंगीत. एकदा मीच विचारून बसले, "मग, थंडी कमी झाली का?" आणि नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

बाबा सगळं ऐकून घ्यायचे. एकदा बोट आपटलं की हो, दोनदा आपटलं की नाही, एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं. विचारलेल्याला उत्तर देता येत होतं, आपणहून काही विचारता येत नव्हतं. आणि दिवसभर ते बोट पलंगाच्या कठड्यावर वाजत राहायचं, प्रोग्रामच्याच चालीत. ते कठड्यावर बोलत होते आणि घरात ते वाचू शकेल असं कुणी नव्हतं. मला ते ऐकवेना. 

मी आधी सोपे उपाय केले. एक टॅबलेट आणला. त्यात गोड गळ्याची बाई बोलायची, पण तिने काय बोलायचं ते पडद्यावर डोळ्यांनी बघून निवडावं लागायचं. दुसरा एक नुसत्या आवाजावर चालणारा आणला, त्यात अक्षरांची रांगच वेगळी. बाबांनी चार दिवस खटपट केली आणि पाचव्या दिवशी बोट चादरीखाली ओढून घेतलं. मी ठरवलं, धाकट्याचाच प्रोग्राम पुन्हा चालू करायचा.

आई भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "ते चालू झालं की पहिला प्रश्न काय येईल, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"आणि उत्तर काय देशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"बघू म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई."

"त्या मुठीत बाबांची जीभ आहे, आई," मी म्हणाले. "आपलं खोटं टिकावं म्हणून त्यांना मुकं ठेवायचं का?"

तिने जुडी उचलली आणि निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली.

आमच्या गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे उघडी पडलेली मशीनं आणि त्यांच्यामधून वाट काढणारा एक माणूस. कुठलंही काम सांगा, तो "होऊन जाईल" म्हणतो. त्याचं आडनावच 'होऊन जाईल' असावं. मलाही तो म्हणाला, "होऊन जाईल, ताई." मी म्हणाले, "मॅडम म्हणा." मला ताई म्हणणारा एकच होता आणि ती जागा मला भरायची नव्हती.

त्याने जुन्या मशीनमधली डिस्क काढली, कसल्याशा डबीत घालून नव्या लॅपटॉपला जोडली. तयार प्रोग्राम मेला होता, डिस्कचा तेवढाच भाग खराब निघाला. पण धाकट्याने लिहिलेला मूळ मजकूर सापडला. "मग काय," दुरुस्तीवाला म्हणाला, "हा मजकूर नव्या पास्कलमध्ये टाकायचा की तयार प्रोग्राम बाहेर पडतो. कणीक आत, पोळी बाहेर."

नव्या पास्कलने तो मजकूर बघितला आणि चुकांची यादी ओकली. एक चूक सुधारावी तर आणखी दहा वर यायच्या. दुरुस्तीवाला म्हणाला, ही भाषा आता पुढे गेली, हिला जुनं बोलणं कळत नाही. जुनी आवृत्तीच लागेल. ती त्याने कुठूनतरी उतरवून घेतली, तर नव्या लॅपटॉपने तिला उंबऱ्यावरच अडवलं. हा प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही, एवढा एकच निरोप. शेवटी त्याने नव्या मशीनच्या पोटात एक खोटं जुनं मशीन बसवलं. म्हणजे एक असा प्रोग्राम, जो आपण जुना कॉम्प्युटर असल्याचं सोंग करतो. त्या सोंगात जुनी आवृत्ती बसवायला घेतली, तर तिने फर्मावलं, दुसरी फ्लॉपी, जुन्या काळची ती चौकोनी चकती, 'ए'मध्ये घाला.

"कुठला ए?" मी विचारलं.

"आता ए नसतो, मॅडम. ड्राइव्हची नावं सीपासूनच सुरू होतात."

"मग ए आणि बी कुठे गेले?"

"रिटायर झाले," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही. त्या यंत्राला ठामपणे वाटत होतं की बाहेर अजून कुणीतरी फ्लॉपी हातात घेऊन उभं आहे.

खोटी फ्लॉपीही झाली. निळा पडदा आला, वर पिवळी अक्षरं. हा पडदा मी धाकट्याच्या पाठीमागून शेकडो वेळा बघितला होता.  मजकूर आत टाकला आणि घोडं पुन्हा अडलं. अक्षरं काढण्याचा भाग धाकट्याने वेगळ्या तुकड्यात ठेवला होता. त्या तुकड्याचा मूळ मजकूर डिस्कवर नव्हता, नुसता शिजवून तयार झालेला तुकडा होता, आणि तो ज्या आवृत्तीत शिजला होता ती सोडून दुसऱ्या कुठल्याही आवृत्तीशी जुळायला तयार नव्हता. आम्ही आणलेली आवृत्ती एक पायरी नवी होती. म्हणजे नव्यापेक्षा जुनी आणि जुन्यापेक्षा नवी, न घरकी न घाटकी.

त्याच्या आधीची आवृत्ती शोधण्यात नाकी नऊ आले. एके ठिकाणी मिळाली तर तिसरी फ्लॉपी फुटकी. दुसऱ्या ठिकाणी मिळाली ती भलत्याच नावाने. दरम्यान दुरुस्तीवाल्याचं "होऊन जाईल" बारीक होत होत "बघू" वर आलं होतं. मी कवळ्यांच्या लॅबमधून सुटले की त्याच्या दुकानात, तिथून घरी. आई विचारायची नाही, मी सांगायची नाही. बाबांचं बोट वाजत असायचं.

आणि एका संध्याकाळी बरोबर तीच आवृत्ती मिळाली. एकही चूक न दाखवता प्रोग्राम तयार झाला. धाकट्याने काढलेली अक्षरं पडद्यावर आली, त्याचा तो जरा कलता 'ळ' सुद्धा. मी लॅपटॉप उचलला, दुरुस्तीवाल्याला सोबत घेतलं आणि थेट बाबांच्या खोलीत. "बाबा," मी म्हणाले, "तुमचं मशीन आलं." बटण त्यांच्या बोटाखाली ठेवलं आणि प्रोग्राम चालू केला.

किंचाळला तो. टुक टुक नाही, सगळे टुक एकमेकांत घुसून एकच लांब किंकाळी. बाबांचा चेहरा असा वेडावाकडा झाला की आई धावत आली. मी लॅपटॉप धाडकन मिटला.

दुरुस्तीवाल्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून मजकूर वाचला आणि त्याला हसू फुटलं. "काय केलंय बघा मॅडम. दोन टुकांमध्ये थांबायचं म्हणून मशीनला नुसतं आकडे मोजायला लावलंय. एकपासून इथपर्यंत मोज, मग पुढचा वाजव. जुनं मशीन रमतगमत मोजायचं. हे पापणी लवायच्या आत मोजून मोकळं. असं कुणी करतं का?"

"ज्याने केलं तो मिशी फुटायच्या वयाचा होता," मी म्हणाले, "आणि त्याच्या बापाने त्यावर आयुष्य काढलं. हसू नका."

तो हसायचा थांबला. कुठपर्यंत मोजायचं तो आकडा मजकुरात होता. धाकटा दर महिन्याला येऊन बाबांशेजारी बसायचा आणि तो आकडा जरासा हलवायचा, हे मला आठवलं. बाबांचं बोट वयाबरोबर मंदावत होतं, आकडा त्याच्याबरोबर वाढत होता. पण तो आकडा त्या बोटाचा आणि त्या जुन्या मशीनचा मिळून होता. मशीन भंगारात गेल्यावर आकडा एकटा काय सांगणार? एकाच्या तोंडाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

दुरुस्तीवाल्याने खोट्या मशीनचा वेग अंदाजाने उतरवला. पुन्हा बाबांकडे गेलो. आता टुक सुटे ऐकू येत होते. बाबांनी बराच वेळ नुसतं ऐकलं, मग बटण दाबायला लागले. पडद्यावर उमटलं, 'घफ'.

"हे काय?" दुरुस्तीवाला म्हणाला.

मला कळलं. ओळ कशीबशी सापडत होती, पण आतल्या अक्षरांचे टुक त्यांच्या बोटापेक्षा पुढे पळत होते, म्हणून दर वेळी पुढचं अक्षर लागत होतं. ते 'गप' म्हणत होते. एवढ्या महिन्यांनी त्यांचा पहिला शब्द, तोही आम्हाला गप्प करणारा. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आई मात्र दाराची कडी धरून उभी होती, तिचा रंग उतरला होता.

पण पुढे काही जमेना. वेग कमी केला की आधीचं अक्षर लागायचं, वाढवला की पुढचं. मध्येच लॅपटॉपला स्वतःची काही कामं आठवायची आणि सगळेच टुक लंगडायचे. बाबांच्या कपाळावर घाम आला. दुरुस्तीवाल्याने हात झटकले. "एवढंच होणार, मॅडम. ज्याने लिहिलं त्यालाच विचारा ना."

आई खोलीत होती. बाबा ऐकत होते. मी त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं आणि जिन्यात उभं करून सांगितलं की पुन्हा येऊ नका. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

मग मी मला येतं तेच केलं. आम्ही कवळी बनवताना अंदाज करत नाही, तोंडातून माप घेतो. मी लॅपटॉपला त्याची सगळी इतर कामं बंद करायला लावली, आवाज अगदी बारीक ठेवला आणि बाबांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले. त्यांचं बोट कठड्यावर वाजत होतं. मजकुरातला तो आकडा कसा बदलायचा एवढं मला दुरुस्तीवाल्याचं बघून बघून यायला लागलं होतं. मी आकडा बदलायची, टुक ऐकायची, बोट ऐकायची. आकडा थोडा वर, थोडा खाली. पुन्हा ऐकायची. लॅबमधून आले की रोज हेच. आई जेवणाचं ताट आणून स्टुलाशेजारी ठेवून जायची.

एका संध्याकाळी बोट थांबलं. मी काय करतेय ते बाबांनी ओळखलं होतं.  मग बोट पुन्हा वाजायला लागलं, पण आता मुद्दाम, एकसारखं, ठसठशीत. माप देताना समजूतदार पेशंट तोंड उघडून स्वस्थ बसतो, तसं ते मला माप देत होते. तेव्हा आकडा बसला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मी प्रोग्राम चालू केला आणि बटण बाबांच्या बोटाखाली सरकवलं. पहिल्यांदा आलं, 'ठीक वाजतंय'. एकही अक्षर हुकलं नाही. 

मग आलं, 'तू केलंस'.

"हो, बाबा. मीच."

टुक वाजत राहिले. त्यांनी दोन फेऱ्या तशाच जाऊ दिल्या. मला वाटलं, दमले. तेवढ्यात एकेक अक्षर उमटायला लागलं आणि दुसऱ्या अक्षरालाच मला कळलं की पुढे काय येणार. तरी मी ते पुरं होईपर्यंत बघत राहिले.

'तो नाही ना'.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. परदेश, थंडी, खडूस घरमालकीण, सगळं पाठ होतं. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. बाबा ऐकत होते, आणि माझं न बोलणंच त्यांना पुरेसं होतं. धाकट्याचे फोन खरंच येत असते तर मला बोटाचं माप घेत बसावं लागलंच नसतं, मी त्यालाच विचारलं असतं. हे मला आत्ता समजलं, त्यांना आदल्या संध्याकाळीच समजलं होतं.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी बोट मोकळं ठेव म्हणून जरासं हलवलं. मी सोडलं. पुन्हा अक्षरं यायला लागली, पूर्वीसारखी झरझर, न अडखळता.

'आईला सांगू नको. तिला फोन येतात असं वाटतं. वाटू दे.'

माझ्या मागे कुणीतरी श्वास घेतला. मी वळले. आई होती, ओले हात तसेच पुढे धरून, पडद्याकडे बघत. किती वेळची उभी होती कुणास ठाऊक. तिने शेवटची ओळ वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली, ओठ हलवत, पोरं वाचतात तशी. मला वाटलं आता ती मोठ्याने रडेल आणि एकदाचं संपेल हे सगळं. रडली असती तर मी देवाचे पाय धरले असते. पण तिने मला मानेनेच नको म्हणून खुणावलं आणि पाय न वाजवता आल्या पावली परत गेली. स्वयंपाकघरात भांडी पुन्हा वाजायला लागली, जरा जास्तच.

थोड्या वेळाने ती आली. या वेळी पाय वाजवत आली. बाबांच्या उशाशी नेहमीच्या जागी बसली, पदराला हात पुसले आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, त्याचा फोन होता."

बाबांचं बोट हललं. 'काय म्हणाला'.

"मशीन सुरू झालं ते सांगितलं मी. खूश झाला. म्हणाला, सुट्टीचं बघतो."

मी दोघांच्या मध्ये बसले होते. दोघांनाही सगळं ठाऊक होतं आणि दोघांनाही मी काही सांगायचं नव्हतं. त्यांना एकमेकांजवळ मोकळं रडता यावं एवढ्यासाठीच मी हा सगळा खटाटोप केला होता की काय, कोण जाणे. आता ते कधीच व्हायचं नव्हतं.

पडद्यावर बाबांची अक्षरं उमटली. 'ये म्हणावं'.

आईने ती वाचली.

"म्हणते," ती म्हणाली.